शेऱ्याचा रकाना

“...मग ही अकरा मुलं कुणाच्या हातानं गेली म्हणायची, मामा? माझ्याच ना?”

खिंडीतल्या दर्ग्याच्या ओट्यावर डॉक्टर आल्हाद करमरकर घामाघूम होऊन बसला होता. मांडीवर सर्व्हेची वही, खिशात राजीनामा. तीन दिवस त्याच्या पोटात धड अन्न नव्हतं.

समोर उस्मान मुजावर खराट्यानं अंगण झाडत होते. सगळा तालुका त्यांना मामा म्हणायचा. हिवताप खात्यात तीस वर्षं घरोघर हिंडून त्यांनी लोकांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचे नमुने घेतले. निवृत्त झाल्यावर वाडवडिलांच्या दर्ग्याची दिवाबत्ती करत इथंच राहिले.

आल्हाद शिकाऊ डॉक्टर असताना दोन महिने त्यांच्यामागून उन्हातान्हात फिरला होता. गावाचं आरोग्य कसं मोजायचं ते तिथंच शिकला, आणि खुर्ची मिळाल्यावर त्यातलं बरंचसं विसरलाही.

खुर्ची म्हणजे माळवंडीचं आरोग्य केंद्र. तिथं आल्यापासून गड्याचे आकडे कसे अगदी चोख. जिल्ह्याच्या बैठकीत रंगीत आलेख दाखवायचा आणि शाबासकी घेऊन यायचा. फिरायचं काम इतरांचं, बेरजेचं आपलं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

एकदाच तो स्वतः डोंगर चढला, भाद्रपदात. वरच्या धनगरवाड्यातली माणसं गोवराची लस घेऊ देईनात. आल्हादनं पुढं होऊन शब्द दिला, पोरांना काही झालं तर मला धरा. आया कशाबशा तयार झाल्या. अकरा लहान मुलांना त्यानं आपल्या हातानं टोचलं.

आता मार्गशीर्षात नंदाताईंनी, म्हणजे केंद्राच्या आरोग्यसेविकेनं, वाड्याचा सर्व्हे करून वही टेबलावर ठेवली होती. त्याच अकरा नावांपुढं शेऱ्याच्या रकान्यात एकेकच शब्द. गेला. गेली. गेला.

संगणकात रकाने दोनच होते, हयात आणि मयत. आल्हादनं अकरा वेळा मयत भरलं. आलेखातली बालमृत्यूची रेघ सरळ वर चढली. त्यानं पाच गावांतलं लसीकरण त्याच दिवशी थांबवलं. उद्या सकाळी अहवाल जिल्ह्याला जायचा होता.

वर जाऊन बघून का नाही आलात, असं मामांनी विचारलं.

“त्या आयांपुढं जायला तोंड कुठं उरलंय मला?”

मामांनी खराटा भिंतीला टेकवला. हातपाय धुतले, ओट्यावर येऊन बसले. वहीकडं बघितलं.

मग म्हणाले, “वही नंदाची दिसतीय. ती काय म्हणती?”

“विचारणार कुणाला? नंदाताई परवाच गेल्या.”

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे वर उचलून ओठातल्या ओठात दुवा मागायला लागले.

आल्हादला आधी कळेचना काय चाललंय ते. कळलं तसा तो ताडकन उठला. “मामा, अहो, असं काय करताय? लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात त्या. फोन लागत नाही एवढंच. चांगल्या ठणठणीत आहेत.”

मामांनी एक डोळा उघडला.

“मग तसं सांगा की. तुम्ही नुसतं ‘गेल्या’ म्हणालात.”

...

आल्हाद उभाच राहिला. हातातल्या उघड्या वहीकडं बघत राहिला.

“वाचा,” मामा म्हणाले. “पहिल्यापासून.”

आल्हाद वाचायला लागला. “बिरू रामा कोळेकर. वय दोन. गेला.”

“गेला की. घोड्यावर बसून गेला. दिवाळी झाली, सगळी मेंढरं घेऊन वाडा इथंच घटकाभर टेकून कोकणात उतरला. दर सालाला उतरतो, पावसाच्या तोंडावर परत येतो. म्हातारी माणसं तेवढी वर राहतात. त्यांनाच नंदानं विचारलं असंल, नातू कुठाय म्हणून.” मामांनी हात लांबवून खुंटीवरचं लोकरीचं टोपडं काढलं आणि आल्हादच्या उघड्या वहीवर ठेवलं. “हे त्याचं. विसरून गेलाय.”

आल्हादनं टोपडं हातात घेतलं. लोकरीला दुधाचा आंबूस वास येत होता. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

आता गंमत बघा. अकरा मुलं दगावावीत आणि पंचक्रोशीत कुणाला पत्ताही लागू नये, असं कुठं होतं होय? शेंबड्या पोरानंही ही शंका काढली असती. पण माणूस एकदा मनातून घाबरला की त्याला शंकाही वाईटच तेवढ्या सुचतात.

आल्हाद वही मिटायला लागला. त्याला तेवढं पुरे होतं.

“सगळी वाचा,” मामा म्हणाले.

मग तो एकेक नाव वाचत गेला आणि मामा एकेक पोर त्याच्यासमोर उभं करत गेले. मायाक्का गोफणे हिनं वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचा, तांब्या लाथाडला होता. धुळा पुकळ्याला माकडं दाखवली तर तो भोकाड पसरून रडला. दोघं जुळे भाऊ कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसले होते, त्यांतलं थोरलं कोण हे त्यांच्या आईलाही सांगता येईना. आल्हाद हसायलाच लागला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं हललं होतं.

“सखू बिरा ठोंबरे. तेरा महिने. गेली.”

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या...

आल्हादचं हसू थांबलं. हे अकरावं नाव होतं.

“हिचं तोंड नाही बघितलं मी,” मामा म्हणाले. “आईच्या पाठीला बांधलेली होती, पदराखाली. पाय तेवढे बाहेर. वाळे होते पायात.”

“पाय हलत होते?”

मामांनी आठवून बघितलं. “माशी बसली तसा डावा झटकला. मग दोन्ही नाचवले.”

आल्हाद ओट्यावर बसला. हुश्श करून त्यानं भिंतीला डोकं टेकवलं. मामांनी तांब्या पुढं केला. तो गटागटा सगळा रिकामा केल्यावर त्याला एकदम भूक लागली. मामांनी भाकरी आणि ठेचा आणला. तीन दिवसांचं सगळं त्यानं एका बैठकीला भरून काढलं.

खाता खाता त्यानं स्वतःच कबूल केलं, की चूक नंदाताईंची नाही. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. टेबलाशी बसून पोरांना मारलं ते आपण.

 मामांनी आणखी एक भाकरी वाढली.

“पण मामा, यांचा दुसरा डोस यायचाय. कोकणात कोण देणार?” आल्हादनं खिशातून राजीनामा काढला, पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अकरा नावं उतरवून घेतली. नावांपुढं नवा रकाना आखला, कुठे आहे. वाडा कुठल्या गावाशी उतरतो ते मामांना माहीत होतं. तिथल्या केंद्राला आजच फोन करायचा, अहवाल दुरुस्त करायचा आणि पाचही गावांतलं लसीकरण उद्यापासून सुरू करायचं, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

टोपडं त्यानं परत खुंटीला अडकवलं. बिरू पावसाआधी येईल तेव्हा त्याला ते लागणार होतं.

मामांच्या पाया पडून तो लगबगीनं पायऱ्या उतरला. अर्ध्यावरून वळून म्हणाला, “जातो, मामा.”

मामांनी खराटा उचलला होता. तो त्यांनी तसाच धरला...

“येतो म्हणा, डॉक्टर.”