हंड्याचं कारंजं

तांबट आळी बघायला बसगाड्या येऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट. भिकोबा तांबटांच्या हातोड्याला एकच कुतूहल होतं: ही माणसं एवढं बघतात तरी काय? ठोके पडत असले की ती माना डोलवत, टाळ्या वाजवत. तांबं नरम करायला हंडा भट्टीत गेला, की जांभया देत निघून जात.

"हंडेराव, आज भट्टी नको," हातोडा म्हणाला. "नुसते ठोकेच दाखवू."

"अरे बाबा, मार खाऊन अंग ताठतं माझं. शेक मिळाला नाही तर तडकेन!"

पण टाळ्या भिकोबांनाही गोड लागल्या होत्या. "गर्दी आहे तोवर राहू दे भट्टी," म्हणत ते दिवसभर ठोकत राहिले.

संध्याकाळी एका पाहुणीने विचारलं, "काका, यात पाणी भरून दाखवता?"

भिकोबांनी घागर ओतली. हंड्याच्या पोटावरच्या भेगांतून चहूकडे धारा उडाल्या.

"अगंबाई, कारंजं!" पाहुणी ओरडली. दिवसभरात झाला नव्हता एवढा टाळ्यांचा कडकडाट झाला.

ही माणसं काय बघतात, ते हातोड्याला त्या क्षणी कळलं. भिकोबांनी त्याला खाली ठेवलं आणि टाळ्या चालू असतानाच ते गार पडलेली भट्टी पेटवायला बसले.