दोडगावची ठकाई

फार वर्षांपूर्वी, यंत्रमाग यायच्या कितीतरी आधी, दोडगावात घरोघर हातमाग होते आणि घरोघर मांजर होतं. मांजर लाडाचं नव्हतं, कामाचं होतं. सुताला भाताच्या पेजेची खळ लावत, ती उंदरांना फार आवडे. ज्याच्या घरी मांजर नाही त्याचा ताणा रातोरात कुरतडला जाई, असं म्हणतात.

त्या गावात ठकाई नावाची सुईण होती. अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. तिची एक रीत होती. मूल मेलेलं जन्मलं, तर ती ते आईला दाखवत नसे. पाहिलं तर पुन्हा कूस धरत नाही, असा तिचा समज होता. ती मूल फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं नेई आणि माती देऊन येई. सगळ्यांना तेच बरं वाटे. आईला कुणी विचारत नसे.

दादाप्पा कोष्ट्याची सून तुळसा, हिचं पहिलं मूल असंच गेलं. त्यानंतर तुळसा बोलायची थांबली. जेवायची थांबली. रिकाम्या पाळण्यात हात घालून चाचपत बसायची. अंगरखा सैल व्हावा तशी ती दिवसेंदिवस हाडांवर सैल होत गेली. पोर हातची जाणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि उपाय कुणालाच ठाऊक नव्हता.

तशात दादाप्पाची मांजरी व्यायली, तीही नेमकी मागाच्या खड्ड्यात, जिथं विणकर पाय सोडून बसतो तिथं. पिल्लं मेलेलीच निघाली. मागावर जत्रेसाठी देवीचं लुगडं चढलेलं होतं आणि दादाप्पाला घाई होती. त्यानं पिल्लं उचलून ओढ्यात टाकली आणि विणायला बसला.

मांजरी रडू लागली. घरात, माळ्यावर, शेजाऱ्यांच्या चुलीमागं ती पिल्लं शोधत फिरली. तिच्या रडण्यानं गावातल्या सगळ्या मागांचे धोटे जागच्या जागी थांबले, असं म्हणतात. आता धोटा मांजराचं कशाला ऐकेल? पण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती खड्ड्यात पडून राहिली. अंग तापलेलं, पोट ताठ, दुधाला तोंड लावेना. दादाप्पा ठकाईकडे धावला.

"मी मानसांची सुईण हाय," ठकाई म्हणाली, "मांजरांची न्हवं."

"मावशी, देवीचं लुगडं उंदीर खातील बघा."

देवीचं नाव निघाल्यावर ठकाई उठली. खड्ड्यात उतरून तिनं मांजरीच्या पोटावरून हात फिरवला. एक पिल्लू आत अडकलेलं होतं. तिनं बोटांना एरंडेल लावलं आणि कळ येईल तसतसं हलक्या हातानं पिल्लू खाली आणलं. त्याच्या तोंडातला चिकटा पुसला, फडक्यानं अंग चोळलं, पुन्हा चोळलं. पिल्लू हललं नाही.

ठकाईनं सवयीनं ते फडक्यात गुंडाळायला घेतलं. दादाप्पानं न्यायला हात पुढं केला.

"मामंजी, हात लावू नगा," मागून आवाज आला. "ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

तुळसा बोलली होती. ठकाईनं पिल्लू मांजरीच्या पुढ्यात ठेवलं. मांजरीनं ते हुंगलं, चाटून चाटून कोरडं केलं, पोटाशी घेतलं. गावातली सगळी मांजरं भिंतीवर येऊन बसली आणि एकही ओरडलं नाही, असं म्हणतात. ठकाईनं दुधानं भरलेल्या आचळांना ऊन फडकं लावलं, खाली कोरडं कापड सारलं आणि वाट पाहत बसली. त्या दिवशी दादाप्पाचा माग चाललाच नाही. ऊन उतरल्यावर मांजरी आपण होऊन उठली, पिल्लाकडे एकदा पाहिलं, आणि वाटीतली पेज प्यायली.

तेव्हा तुळसा ठकाईजवळ बसली. "मावशी," ती म्हणाली, "माझं कसं हुतं?"

ठकाईनं हजार बाळंतपणं केली असतील, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिची मान खाली गेली.

"पोरगी हुती बाई," ती म्हणाली. "डोईवर केस लई हुते. नाक तुझं हुतं."

तुळसा मोठ्यानं रडली. मग मांजरीच्या शेजारी बसून तीही जेवली. पुढे तिला मुलं झाली, नातवंडं झाली. ठकाईचा समज खोटा ठरला, आणि तिनं रीत बदलली. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा तिच्या तिरडीमागं गावची सगळी मांजरं स्मशानापर्यंत चालत गेली, असं म्हणतात.

आता दोडगावात सुईण नाही, माग थोडेच उरलेत. पण मांजरीचं मेलेलं पिल्लू ती उठेपर्यंत कुणी हलवत नाही. आणि एखाद्या बाईचं मूल मेलेलं जन्मलं, तर ते आधी तिच्या ओटीत देतात. ती 'न्या' म्हणेपर्यंत कुणी मागत नाही. याला ठकाईची घटका म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सनाही हे ठाऊक झालंय. अशा वेळी त्या बाईचं गाव विचारतात, आणि दोडगाव म्हटलं की मूल तिच्या हातात देऊन, दार हलकेच ओढून घेऊन बाहेर थांबतात.