पंचाने बदललेला प्रश्न

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. एरवी एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नसे, पण देवीच्या जत्रेला मात्र दोन्ही गावं हाडवैरी होत. नदीच्या वाळूत रिंगण आखलं जाई आणि दोन्हीकडचा एकेक गडी मुष्टियुद्धाला उतरे. ज्याचा गडी जिंकेल, त्या गावाला देवीच्या पालखीचा पहिला मान.

या लढतीचा एक जुना नियम होता. गडी डळमळला की पंचाने हात आडवा धरायचा आणि विचारायचं, "आहेस का?" गड्याने "आहे!" म्हटलं की लढत पुढे चालू. आजवर एकानेही "नाही" म्हटलं नव्हतं आणि याचा दोन्ही गावांना कोण अभिमान! त्या गड्यांपैकी काहींना पुढे जन्मभर हाताला धरून चालवावं लागलं, पण जत्रेत तो विषय कोणी काढत नसे.

पंच होता एक म्हातारा तेली. दोन्ही गावांचे दिवे त्याच्याच तेलावर जळत, म्हणून तो दोघांनाही चालत असे.

त्या वर्षी अलीकडच्या गावाने एक तरुण नावाडी उतरवला, पलीकडच्या गावाने एक धिप्पाड लोहार. नावाडी चपळ आणि हसरा. नुकतंच त्याच्या लेकीचं बारसं झालं होतं आणि तेली तिथे पोटभर घुगऱ्या खाऊन आला होता.

सुरुवातीला नावाड्याने लोहाराला चांगलंच दमवलं. मग लोहाराचा एक ठोसा त्याच्या कानशिलावर बसला आणि त्याचे पाय लटपटू लागले.

"आहेस का?" तेल्याने विचारलं.

"आहे!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुन्हा ठोसा, पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच खणखणीत उत्तर.

तेल्याला काही केल्या चैन पडेना. तो रिंगणात नुसता येरझाऱ्या घालू लागला. गडी "आहे" म्हणतोय, नियमात सगळं बसतंय, मग आपल्याला हे बरोबर का वाटत नाहीये? लढत थांबवावी, तर गाव काय म्हणेल? मागच्या एका पंचाने अशीच लढत मध्येच थांबवली, तर त्याच्या दारात बांगड्यांची परडी आली होती. जसं काही बांगड्या भरलेल्या हातांनी कोणाला वाचवलंच नव्हतं!

एवढ्यात लोहारच जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, त्याच्याकडे बघा हो जरा. मी हात आखडला, तर आमचे लोक मला जिवंत सोडायचे नाहीत."

तेल्याने पाहिलं. नावाड्याच्या मुठी वर होत्या, पण नजर भलतीकडेच लागली होती. तेली त्याच्यासमोर उभा राहिला आणि या वेळी त्याने प्रश्नच बदलला.

"लेकीचं नाव काय ठेवलंस रे?"

"आहे!" नावाडी म्हणाला.

तेल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने नावाड्याला कमरेत घट्ट मिठी मारली आणि ओरडला, "लढत संपली!"

"अरे, तो 'आहे' म्हणतोय ना! सोड त्याला!" अलीकडचं गाव खवळलं.

"तो काहीही विचारलं तरी तेच म्हणतोय!" तेली म्हणाला.

"आहे! आहे!" म्हणत नावाडी त्याच्या पाठीत बुक्के मारू लागला. मग ते बुक्के मंदावले आणि तो तेल्याच्या खांद्यावरच कोसळला.

वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, "अजून एक ठोसा बसला असता, तर मला बोलवायची गरजच नव्हती."

पण रागावलेलं गाव वैद्यांचं कशाला ऐकतंय? पालखीचा मान गेला होता. अलीकडच्या गावाने तेल्याकडून तेल घेणं बंद केलं. घाणा निम्मा वेळ रिकामा राहू लागला. वैद्यांचा शब्द कानात होता, तरी तेल्याला राहून राहून वाटे, गडी कदाचित जिंकलाही असता. आपण त्याची लढत हिरावून तर घेतली नाही ना?

बऱ्याच दिवसांनी नावाडी उठून फिरायला लागला आणि पहिल्यांदा कुठे आला असेल, तर तेल्याच्या दारात. आल्या आल्या त्याने तेल्याला धारेवर धरलं.

"काका, लढत माझी होती. थांबवायच्या आधी मला विचारायचं तरी होतंत!"

"विचारलं होतं."

"कधी?"

"सारखा विचारत होतो, बाबा. दर वेळी तू 'आहे' म्हणालास."

नावाडी आठवू लागला. लोहाराचा कानशिलावरचा ठोसा त्याला आठवला आणि त्यानंतर आठवलं ते थेट घराचं छप्पर. मधलं काहीच नव्हतं. त्याने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं.

"मी बोललो?" त्याने विचारलं.

"चांगलं खणखणीत."

नावाडी ओट्यावर मटकन बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे काका," तो म्हणाला, "मी 'आहे, आहे' म्हणतच मेलो असतो."

तात्पर्य: लढणारा थांबा म्हणेल याची वाट बघू नये, त्याच्यासाठी ते म्हणणं हे बघणाऱ्याचं काम आहे.