शुक्राला ठेवलेला अर्धा सरडा

गावोगावी दिवे आले नव्हते आणि आकाश नीट दिसत होतं, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या भुऱ्या मुंगसाच्या दादाला घारीने उचलून नेलं. मावशी म्हणाली, "रडू नको, दादा तारा झाला." भुऱ्याने लगेच वर पाहिलं आणि पश्चिमेला सगळ्यांत तेजस्वी दिसला तोच दादा ठरवला. रोज दिवेलागणीला तो त्याच्यासाठी दगडावर अर्धा सरडा ठेवी. तारा काही खाली येत नसे, मुंग्या येत.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी पश्चिमेला तो तारा दिसेना. भुऱ्या तळ्याकडे धावला. तिथल्या म्हाताऱ्या कासवाला आकाशाची माहिती होती. त्याच्या पाठीवर भुऱ्याने धपाधप पंजे मारले.

"ऊठ म्हाताऱ्या! दादा पुन्हा गेला!"

कासवाने मान बाहेर काढली. "तो शुक्र होता, बाळा. तारासुद्धा नाही, ग्रह आहे. सूर्याभोवती फिरता फिरता त्याच्या उजेडात बुडालाय. थोड्या दिवसांनी पहाटे पूर्वेला दिसेल."

"दादा पहाटे कधीच उठायचा नाही."

"मग तो दादा नव्हे."

भुऱ्या कासवाच्या पायाला कडकडून चावला. कासवाने पाय आत घेतला.

"मग दादा कुठं आहे?"

"ते मला माहीत नाही. मला फक्त ग्रहांचं माहीत आहे."

इतक्या दिवसांत 'माहीत नाही' असं भुऱ्याला कुणीच म्हटलं नव्हतं. तो तिथंच चिखलात बसला.

"बरं, ग्रहांचं सांग. सूर्याच्या सगळ्यांत जवळ कोण?"

"बुध. त्याला सोबतीला चंद्रसुद्धा नाही."

"मग एकटा काय करतो?"

"फिरतो," कासव म्हणालं.