गोदीची भिंत रडत नाही

“नवी सून आणलीय खरी, पण पहिल्या उधाणाला सुटेल बघा,” माथ्यावरची थोरली शिळा शेजारणीला कुजबुजली, आणि फुटक्या शिळेच्या जागी कालच बसवलेल्या धाकटीने ते नेमकं ऐकलं. राणीच्या राज्यातली ही गोष्ट. आरमाराच्या गोदीची भिंत तेव्हा बंदरात सगळ्यांत रुबाबदार होती.

धाकटीने सगळी भिंत न्याहाळून घेतली. मागच्या मातीच्या भरावातलं पाणी निघून जावं म्हणून गवंड्यांनी भिंतीत खाली भोकं ठेवली होती. ओहोटीला त्यांतून पाणी ठिबके, त्याची थोरलीला लाज वाटे. “घरंदाज भिंत चारचौघांत रडत नाही,” म्हणत तिने खेकड्याकडून सगळी भोकं चिखलाने बुजवून घेतली होती.

उधाण आलं आणि ओसरलं. पाणी मात्र भरावातच कोंडलं. भिंत कुरकुरली, पुढे कलली.

“ही नवीच ढकलतेय! आता कोसळणार आपण!” थोरली ओरडली, पण तिचाच आवाज कापत होता. तिच्या सांध्यातला चुना सुटू लागला होता.

धाकटीला तिची दया आली. ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, “सासूबाई, ढकलतंय ते तुम्ही अडवलेलं पाणी. खेकडेभाऊ, उकरा ती भोकं. आणि सासूबाई, तुम्ही खुशाल रडून घ्या. आम्ही कुणी बघत नाही.”