शेजारची सीट

"मग कुठल्या खिळ्यावर टांगू, वस्ताद?"

धैर्यशीलनं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं होतं, देवापुढं नारळ धरतात तसं.

हुसेन वस्ताद शेडच्या दारात बाजेवर बसून मेथी निवडत होते. पुढ्यात मोठी परात. त्यांनी मान वर केली नाही.

"काय टांगतोस?"

"हेल्मेट. सोडली गाडी."

"व्हय?" वस्तादांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "बरं."

कोल्हापूरच्या बाहेर माळावर रेसचा ट्रॅक आहे, आणि ट्रॅकला लागून वस्तादांची ही पत्र्याची शेड. पैलवानानं लंगोट खुंटीला लावला की त्याची कुस्ती संपली. तसं वस्तादांच्या शागिर्दानं शेडमधल्या खिळ्याला हेल्मेट टांगलं की त्याची रेस संपली. ही रीत वस्तादांनीच घातली होती, आणि पहिल्या खिळ्यावर हेल्मेटही त्यांचंच होतं. टांगलेलं हेल्मेट तिथून कुणी परत उतरवलेलं नव्हतं.

म्हणूनच धैर्यशील दारातच घुटमळत होता.

"विचारणार नाही का, का सोडली म्हणून?"

"सांगायचं असंल तर सांगशीलच की."

धैर्यशील इंगवले जमिनीवरच बसला. आईबापांनी असलं नाव ठेवताना पुढचा काही विचार केला नसावा, असं त्याला हल्ली फार वाटायचं.

गेल्या वर्षी चिंचेच्या वळणावर त्याची गाडी उलटली होती. ट्रॅकवरचं सगळ्यात लांब वळण ते, उजवीकडं वळत वळत जाणारं, संपता न संपणारं. खांद्याचं हाड मोडलं. पुढं हाडही सांधलं आणि गाडीही सांधली. छोटी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. पोटच्या पोरासारखी जपलेली. तो पुन्हा उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मग त्याच वळणावर, मधोमध, इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. गाडी धापा टाकत बाहेर आली. मागचे तिघं पुढं निघून गेले.

"धैर्यशीलनं पाय उचलला!" माइकवरून सगळ्या माळाला ऐकू गेलं. म्हणजे भिऊन ॲक्सिलरेटर सोडला.

पुढच्या रेसला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. चहाच्या टपरीवर लोक आता त्याच्याशी जास्तच प्रेमानं बोलायला लागले होते. ते त्याला सगळ्यात झोंबलं.

"इंजिनला पेट्रोल कमी पडत असणार म्हणून पंप बदलला," तो म्हणाला. "मोठा घातला. तरी तेच. मग त्याहून मोठा घातला. पाइपसुद्धा जाड घातले. वस्ताद, आता त्या पंपावर दोन गाड्या चालतील."

"आणि?"

"आता तर अजून लवकर दम सोडती. म्हणजे गाडीत खोट न्हाई. खोट माझ्यात हाय."

वस्ताद मेथी निवडत राहिले.

"वस्ताद... माणसाला न कळता पाय उचलला जातो का?"

"जातो की."

धैर्यशीलला वाटलं होतं, वस्ताद 'छे' म्हणतील. निदान 'खुळा हाईस का' तरी म्हणतील.

"मग झालं तर," तो कसाबसा म्हणाला. "खिळा दाखवा."

वस्तादांनी आता पहिल्यांदा मान वर केली. हेल्मेटकडं पाहिलं. बाहेर उभ्या असलेल्या लाल गाडीकडं पाहिलं. मग हात पुढं केला.

धैर्यशीलनं हेल्मेट दिलं.

वस्तादांनी ते मांडीवर उलटं धरलं आणि परातीतली निवडलेली मेथी त्यात ओतली. सगळी. हातानं नीट दाबूनसुद्धा बसवली.

"अहो वस्ताद..."

"परात लागणार हाय मला." त्यांनी हेल्मेट बाजेवर ठेवलं. "आता टांगू नगंस. भाजी सांडंल."

मग ते काठी टेकत उठले, घागरीतलं पाणी परातीत ओतलं. फार नाही, तळ झाकेल इतकंच.

"पडायच्या आधी टाकीत पेट्रोल किती असायचं तुझ्या?"

"अर्धी टाकी. कधी त्याहून जास्त."

"आणि आता?"

"आता लागेल तेवढंच घालतो. मोजून." ह्या एका बाबतीत त्याला स्वतःचा अभिमान होता आणि तो आवाजात आलाच. "पडल्यावर ठरवलं, गाडीत फालतू ओझं ठेवायचं न्हाई. शेजारची सीट काढली, जाजम काढलं, दाराचे आतले पत्रे काढले. नुसतं हलकं फूल केलंय तिला."

"हलकं फूल," वस्ताद म्हणाले. "छान. ही परात धर."

"कशाला?"

"धर की मर्दा. सगळंच इचारून करतोस काय?"

अंगणात लिंबाचं झाड होतं. वस्ताद झाडापाशी उभे राहिले. परातीची एक कड त्यांनी आपल्याकडं घेतली आणि त्या कडेवर एक बोट अधांतरी धरलं.

"मला उजवीकडं ठिऊन माझ्याभवती पळ. जोरात. रेसमध्ये पळतोस तसा."

तिशी ओलांडलेला, तीन कप जिंकलेला माणूस परात घेऊन म्हातार्‍याभोवती पळायला लागला. वस्ताद जागच्या जागी गिरक्या घेत होते, बोट परातीवर तसंच. ट्रॅककडून येणारे दोघं थबकून बघायला लागले. धैर्यशीलला वाटलं, झाली तेवढी शोभा कमीच होती म्हणायची.

पाणी सळ्ळकन बाहेरच्या कडेला गेलं. अर्धं त्याच्या शर्टावर आलं.

"अजून जोरात!"

तो अजून जोरात पळाला. पळता पळताच वस्तादांनी आपल्याकडच्या कडेला, अगदी तळाला, बोट टेकवून उचललं.

"थांब."

तो थांबला. धापा टाकत, ओलाचिंब.

वस्तादांनी बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

कोरडं होतं.

...

धैर्यशील त्या बोटाकडं बघत राहिला. मग परातीकडं. पाणी आता पुन्हा तळभर पसरलं होतं, काही झालंच नाही असं.

त्याच्या गाडीची टाकीही अशीच होती, चपटी नि रुंद. आणि पंप पेट्रोल ओढायचा तो तिच्या उजव्या कोपर्‍यातून.

"उजवं वळण..." तो पुटपुटला. "लांब वळण. पेट्रोल सगळं डावीकडं... आणि पंप..."

वस्ताद बोट तसंच धरून उभे.

"पंप हवा ओढतोय. मोठा पंप तर कोपरा अजून लवकर कोरडा करतोय!" त्यानं परात खाली ठेवली. नव्हे, ती हातातून सुटलीच. "आणि आधी टाकी अर्धी असायची म्हणून... वस्ताद, म्हणजे मी पाय उचललाच न्हवता?"

"ते मला काय ठावं? पाय तुझा."

"पण मग..."

"पंप मोठा केलास. पाइप जाड केलेस. इंजिनची तहान वाढवलीस." वस्तादांनी बोट शर्टाला पुसलं, जरी पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "तोंडाशी काय ठेवलंस?"

धैर्यशीलनं खाली पडलेली परात उचलली.

वस्ताद आत गेले आणि पाणी प्यायचा उंच पितळी पेला घेऊन आले. काठोकाठ भरला, परातीच्या मधोमध ठेवला आणि त्यात बोट बुडवलं.

"पळ."

ह्या वेळी त्यानं 'कशाला' विचारलं नाही. परात आणि पेला सांभाळत तो जमेल तितक्या जोरात पळाला. पेल्यातलं पाणी हिंदकळलं, थोडं सांडलं, पण जाणार कुठं? जागाच नव्हती त्याला जायला.

वस्तादांनी बोट वर केलं. त्यावरून थेंब गळत होता.

धैर्यशीलनं पेल्याला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

पुढचे काही दिवस तो घरी जेवायला तेवढा गेला. टाकी उतरवली, धुतली, उन्हात वाळवली, आणि तिच्या पोटात भोकांचे आडवे पत्रे बसवले, म्हणजे पेट्रोल एकदम एका अंगाला पळणार नाही. डिकीत एक अरुंद, उंच डबा केला, पेल्यासारखा. डबा त्यानं स्वतः वेल्ड केला आणि तो हात त्याचा चांगलाच होता. एक लहान पंप टाकीतून डब्यात सतत पेट्रोल टाकत राहणार, डबा भरला की वरून जास्तीचं टाकीत परत जाणार, आणि तो थोरला पंप ओढणार ते डब्याच्या बुडातून. टाकीच्या कोपर्‍यात क्षणभर हवा आली तरी इंजिनाच्या तोंडाशी भरलेला पेला असणार.

वस्ताद रोज येऊन बघून जायचे. एकदा फक्त डबा बोटानं टिचकी मारून बघितला.

डबा नीट झाला, पण धैर्यशीलची झोप उडाली. कारण आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. चिंचेच्या वळणावर इंजिन गात राहिलं, तर दोष पेट्रोलचा होता. आणि आवाज बसला तर... पाय त्याचाच होता. मग कुणालाही खिळा विचारायची गरज नव्हती.

सकाळी ट्रॅक मोकळा होता. वस्ताद चिंचेखाली जाऊन उभे राहिले. हेल्मेटला मेथीचा वास अजून येत होता. धैर्यशीलनं ते डोक्यात घातलं आणि निघाला.

पहिली सरळ पट्टी. डावं वळण. उतार.

चिंच दिसली.

खांद्याचं जुनं हाड ठणकलं. गाडी उजवीकडं वळली आणि वळतच राहिली, आणि त्याला सगळं आठवलं, आभाळ खाली आणि माती वर, काचेचा चुरा, स्वतःचाच आवाज. आता बसेल. आता आवाज बसेल. आता...

इंजिन गात होतं.

वळण संपलं तरी गात होतं. त्यानं खाली पाहिलं. पाय पूर्ण दाबलेला होता, पत्र्याला टेकलेला.

तो पुन्हा फिरून आला. पुन्हा गेला. मुद्दाम अजून जोरात. ते इंजिन कुठं अडखळायला तयारच नव्हतं.

चिंचेखाली गाडी थांबवून तो उतरला, हेल्मेट काढलं आणि आधी हसायलाच लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही त्यानं पुसलं नाही. वर्षभर उरावर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं होतं आणि त्याला खरंच, नुसता श्वास घ्यायलासुद्धा मजा वाटत होती.

"पाय न्हवता, वस्ताद! माझा पाय न्हवता!"

तो वाकून पाया पडला. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तीही चांगली सणसणीत.

"भीती गेली?"

धैर्यशील 'गेली' म्हणणारच होता. तोंडाशी आलंच होतं.

...

"न्हाई, वस्ताद." तो हळूच म्हणाला. "होती. सगळं वळणभर होती. दर फेरीला."

"आणि पाय?"

"खालीच होता."

वस्ताद 'हं' म्हणाले. काठी टेकत गाडीपाशी गेले आणि काचेतून आत वाकून बघायला लागले. स्टिअरिंगच्या शेजारी नुसता उघडा पत्रा होता, सीट काढल्यावर राहिलेली बोल्टांची भोकं तेवढी दिसत होती.

"ती सीट इकलीस?"

"न्हाई. घरी माळ्यावर हाय. का?"

"आणून बसीव."

"वस्ताद, उगाच वजन वाढंल की!"

"वाढू दे," वस्ताद म्हणाले. "तुझ्या भीतीला किती दिवस उभ्यानं फिरवणार हाईस?"