वेणू, परी आणि मोगरबागेतला ढीग

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, जिथे सकाळचं कोवळं ऊन आधी झाडांच्या शेंड्यांना गुदगुल्या करतं आणि मग हळूच अंगणांत उतरतं, तिथे केवडापूर नावाचं एक छोटंसं शहर वसलं होतं. त्याच्या टोकाला होती मोगरबाग. बागेच्या भिंतीला टेकून एक इवलीशी झोपडी होती आणि त्या झोपडीत वेणू आणि तिची आई सगुणा राहायच्या.

एकेकाळी मोगरबागेत इतका मोगरा फुलायचा, की पहाटे झाडं दुधात न्हाल्यासारखी दिसायची. सगुणा कळ्या खुडायची, गजरे ओवायची आणि देवळापाशी विकायची. त्यावर दोघींचं पोट भरायचं. पण हल्ली बागेत मोगरा फुलत नव्हता. बागेच्या कोपऱ्यात एक ढीग वाढत चालला होता. कचऱ्याचा ढीग!

त्याचं असं झालं, की गावात नवा नियम आला. भाजीची देठं, सालं, उरलंसुरलं अन्न हिरव्या डब्यात. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक निळ्या डब्यात. दोन्ही एकत्र केलं तर घंटागाडी कचरा घेणार नाही, म्हणजे नाही! लोक वैतागले. गाडी न्यायची नाही, घरात वास सुटायचा, मग कुणी ना कुणी इकडे तिकडे बघत पिशवी बागेच्या भिंतीवरून आत भिरकवायचं. धप्प! आज एक, उद्या दहा. संध्याकाळी कुणीतरी ढिगाला काडी लावून जायचं. काळाकुट्ट धूर झोपडीत शिरायचा आणि सगुणा खोकून खोकून बेजार व्हायची.

एके दिवशी नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरली. "ऐका हो ऐका! मोगरबागेत फार घाण झाली आहे. येत्या सोमवारी बागेला कुलूप लागेल!"

सगुणा मटकन खाली बसली. "आता गं काय करायचं, वेणू? बाग गेली तर आपलं घरही जायचं."

वेणूने परकराचा ओचा खोचला. तिचे काळेभोर डोळे चमकले. "आई, ढीगच नसला तर कुलूप कशाला लावतील? मी उपसते तो ढीग."

"अगं, तुझ्या डोक्याहून उंच आहे तो!"

"असू दे. खालून सुरुवात करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू कामाला लागली. तोंडाला फडकं, हातात काठी. पुठ्ठे इकडे, सालं तिकडे. सूर्य वर आला. घशाला कोरड पडली म्हणून तिने पाण्याचा तांब्या उचलला, तोच कुठूनसा नाजूक आवाज आला. चांदीचं पैंजण हलावं तसा.

"कुणी आहे का गं? मला बाहेर काढा ना!"

वेणूने कान दिला. आवाज एका गाठ मारलेल्या पिशवीतून येत होता. तिने गाठ सोडली आणि तिचा श्वासच थांबला. आत एक चिमुकली परी होती! मोगऱ्याच्या कळीएवढी, अंगात पिवळाजर्द झगा. पण तिचे झिरझिरीत पंख गुलाबजामच्या पाकाने चिकटून गेले होते.

वेणूने आपलं प्यायचं पाणी थेंबाथेंबाने परीच्या पंखांवर सोडलं. पाक विरघळला. पंख उलगडले आणि त्यांवर गुलाबी, निळे, सोनेरी रंग झळाळू लागले. तांब्या रिकामा झाला.

"तहान तुला लागली होती, आणि पाणी मला दिलंस," परी म्हणाली. "मी मोगऱ्याची परी. माझं झुडूप या ढिगाखाली गाडलं गेलंय. बाळ, तुला मी तीन इच्छा देते. पण नियम ऐकून घे हं."

"नियम?" वेणूला हसू आलं. "सगळीकडे नियमच!"

परीही खुदकन हसली. "मी कुठलीच वस्तू नाहीशी करत नाही. ती कुठे ठेवायची, ते तू सांगायचं. कुणाचं मन मी बदलत नाही, ते ज्याचं त्यानेच बदलायचं. आणि झालेलं परत फिरवायचं असेल, तर त्यालाही एक इच्छा खर्ची पडते."

वेणूने फार विचार केला नाही. आईचा खोकला तिच्या कानात घुमत होता. "परीताई, हा ढीग इथून हलव!"

"कुठे ठेवू?"

"कुठेही... त्या डोंगरापलीकडे!"

परीने हात फिरवला. झगमगत्या कणांची वावटळ उठली, सगळा ढीग अलगद हवेत तरंगला आणि डोंगराआड दिसेनासा झाला. ढिगाखालून चिरडलेलं मोगऱ्याचं झुडूप उघडं पडलं.

केवडापुरात आनंदीआनंद झाला. समोरच्या माडीवरून खर्शीकर तात्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या नूतनकाकूंनी शिरा केला. ढीग कसा गेला, कुठे गेला, हे कुणीच विचारलं नाही. सगुणा त्या दिवशी पोटभर जेवली आणि शांत झोपली. वेणू मात्र मधूनच डोंगराकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरावरून एक मुलगी उतरून आली. पायांत चपला नव्हत्या. खांद्यावर एक पांढरंशुभ्र कोकरू होतं, मान टाकलेलं.

"पाणी द्याल का कुणी?" तिने विचारलं.

वेणूने धावत जाऊन पाणी आणलं. "नाव काय तुझं? काय झालं कोकराला?"

"मी सोनकी. आमचा झरा आहे ना डोंगरापल्याड, त्यात काल आभाळातून घाण पडली. पाणी काळंमिट्ट झालं. हे पिल्लू पिशवी खाऊन बसलं. सकाळपासून उभंच राहत नाही." सोनकीच्या डोळ्यांतून टपोरे थेंब गालांवर ओघळले. "आमचं काय चुकलं गं? आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय?"

वेणूला कालची वावटळ आठवली. तिचे कान तापले. ती पळत बागेत गेली.

"परीताई! ढीग परत आण. सगळा. कोकराच्या पोटातली पिशवीसुद्धा!"

परी चिरडलेल्या झुडपावर बसली होती. "मग तुझ्याकडे एकच इच्छा उरेल, वेणू. लोक रागावतील. धूरही परत येईल."

वेणूने डोंगराकडे पाहिलं. "पण तो आमच्या गावचा कचरा आहे, सोनकीचा नाही. आण परत."

पुन्हा झगमगती वावटळ उठली. आणि धप्प! ढीग होता तिथे येऊन बसला. तिकडे कोकराने डोळे उघडले, चारी पायांवर उभं राहून ते "बें" म्हणालं. सोनकीने त्याला छातीशी धरलं आणि हसत हसत डोंगराच्या वाटेला लागली.

इकडे गावात मात्र गडबड उडाली. माणसं बागेच्या भिंतीपाशी जमली.

"गेलेली पीडा परत कशी आली?" नूतनकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"मी आणली," वेणू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. वेणू मागे सरली नाही. तिने सोनकीच्या झऱ्याची हकिकत सांगितली, कोकराची सांगितली. मग सगळ्यांकडे बघत विचारलं, "काका, काकू, तुम्ही कचरा इथे का टाकता? रागावून नाही विचारत. मला खरंच सांगा ना."

आजवर त्यांना हे असं कुणी विचारलंच नव्हतं. दटावलं होतं, दंडाची भीती घातली होती, पण विचारलं नव्हतं. मग काय! धरणाचं दार उघडावं तसे सगळे बोलू लागले.

"ए पोरी, माझे गुडघे बघ!" तात्या माडीवरून ओरडले. "घंटा ऐकून मी काठी शोधतो, जिना उतरतो, तोवर गाडी पार वळणावर! हातात डबा घेऊन मी तिच्या मागे धावू काय?"

"आणि तो नियम तरी कळतो का?" नूतनकाकू म्हणाल्या. "दुधाची पिशवी बाहेरून कोरडी, आतून ओली. ती कुठल्या डब्यात? नारळाची करवंटी कुठल्या? चुकलं की डबा तसाच परत. मला कामावर जायला उशीर होतो. वैताग येतो गं नुसता!"

वेणू सगळं ऐकून घेत होती, मान डोलावत होती. "थांबा," ती म्हणाली. "मी विचारून येते."

सकाळी टिण टिण करत घंटागाडी आली, तेव्हा वेणू रस्त्याच्या मधोमध उभी होती. गाडीवाल्या हसनचाचांनी ब्रेक दाबला.

"काय गं बेटी?"

"चाचा, तुम्ही मिसळलेला कचरा का नेत नाही?"

"नेला तर तिकडे कचरा डेपोत गाडी रिकामी करू देत नाहीत. भरलेली गाडी घेऊन परत फिरावं लागतं मला. लोकांना वाटतं, चाचा मुद्दाम करतो."

"आणि थांबत का नाही?"

"थांबतो की. घंटा वाजवतो, वाट बघतो. कुणी येत नाही, मग जातो."

वेणूने डोकं खाजवलं. "असं केलं तर? मी पुढे पळत जाऊन सगळ्यांना हाका मारते. तुम्ही मागून सावकाश या. आणि दुधाची पिशवी कुठे टाकायची, तेही मला सांगा."

हसनचाचा हसले. "पाण्याने विसळायची, झटकायची, निळ्या डब्यात टाकायची. करवंटी हिरव्यात. विचारलं तर सांगणार नाही का मी?"

झालं! त्या सकाळपासून वेणूचे इवलेसे पाय गल्लीभर पळू लागले. "गाडी आली हो! नूतनकाकू, पिशवी विसळून, निळ्यात! तात्या, टोपली सोडा!" कारण तात्यांच्या खिडकीला आता दोरी होती, दोरीला दोन टोपल्या होत्या, एक हिरवी, एक निळी. जिना उतरायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी हिरवी टोपली खाली येता येता उलटली आणि सगळी केळ्याची सालं हसनचाचांच्या टोपीवर पडली. तात्या इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

पण जुना ढीग होताच. वेणू रोज तो उपसत होती. हाताला फोड आले, तरी थांबत नव्हती. सगुणा खोकत खोकत तिच्याजवळ येऊन बसली आणि सालं वेगळी करू लागली. ते पाहून नूतनकाकू कामावरून आल्या आल्या पदर खोचून हजर झाल्या. हळूहळू गल्लीतले हात वाढले. बागेच्या मागे मोठा खड्डा खणला गेला. कुजलेलं सगळं त्यात गेलं, वर माती पसरली. वेगळं केलेलं सुकं हसनचाचा रोज थोडं थोडं नेऊ लागले.

आता भिंतीवरून एकही पिशवी येत नव्हती. काडी लावायलाही कुणी येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळ झाली, तरी थोडासा ढीग उरलाच होता. परी वेणूच्या खांद्यावर येऊन बसली. "दमलीस ना गं? एक इच्छा आहे तुझ्याकडे. सांग, कुठे ठेवू हा?"

वेणूने उरलेल्या ढिगाकडे पाहिलं. प्रत्येक वस्तू कुठे जाते, हे आता तिला पाठ होतं. "राहू दे, परीताई. हा आम्ही उचलू."

आणि उचललाच! सोमवारी सकाळी नगरपालिकेच्या मॅडम भलंमोठं कुलूप घेऊन आल्या, तेव्हा शेवटची टोपली गाडीत चढत होती. काठी टेकत टेकत स्वतः तात्या जिना उतरून आले होते.

"मॅडम, कुलूप लावायचं तर आधी मला बाजूला करा," ते म्हणाले. "आणि आमची तक्रारही ऐका. पाटीवर नुसतं 'ओला' आणि 'सुका' लिहून भागत नाही. करवंटीचं, दुधाच्या पिशवीचं चित्र काढा त्यावर!"

मॅडमनी बाग पाहिली. मग फोड आलेले हात घेऊन उभी असलेली वेणू पाहिली. त्यांनी कुलूप पुन्हा पिशवीत टाकलं. "चित्रं काढून घेते," त्या म्हणाल्या. "आणि बाग तुमच्यावर सोपवते."

टाळ्यांचा कडकडाट थांबला, माणसं पांगली, तेव्हा वेणू एकटीच मोगऱ्याच्या झुडपापाशी गेली. झुडूप अजून काटकुळं होतं. परी त्याच्या फांदीवर झुलत होती.

"आता तरी स्वतःसाठी काही माग," परी म्हणाली. "रेशमी परकर? सोन्याचे डूल?"

"माझ्या आईचा खोकला बरा कर ना," वेणू हळूच म्हणाली. "आता धूर नाही येणार. बरा झाला की बराच राहील."

परीने डोळे मिटले. "झाला बरा. आणि वेणू, एक इच्छा तू अनोळखी मुलीसाठी खर्चलीस, एक आईसाठी. आता हे माझ्याकडून. याला नियम नाही."

तिने वेणूच्या तळव्यांवर पंख टेकवले. फोड विरले. मग ती काटकुळ्या झुडपावरून गिरकी घेत उडाली, आणि फांदीफांदीतून पोपटी पानं फुटली, पानापानाआडून कळ्या डोकावल्या, एका झुडपाची दहा झाली, दहाची शंभर! सगळी बाग पांढरीशुभ्र झाली. वास डोंगरापर्यंत दरवळला.

परीचा पिवळाजर्द झगा उजळत गेला. आधी पणतीएवढा, मग चंद्राएवढा, मग बघवेना इतका. वेणूने डोळ्यांवर हात धरला. बोटांच्या फटीतून तिने पाहिलं, तर परीचा प्रकाश सोनेरी कणांनी बागेवर सांडत होता. कण फुलांवर टेकले आणि विझले. परी आपल्या मोगऱ्यात मिसळून गेली.

"वेणू! ए वेणू!" झोपडीच्या दारातून सगुणाने हाक मारली. खणखणीत, मोकळी हाक. "अगं, कळ्या बघितल्यास का? परडी घेऊन ये लवकर!"

"आले गं आई!" म्हणत वेणू धावत सुटली.